सांध्यांसाठी संशोधक हवेत

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक करवतीनं सपाट कापतात. आठ-दहा मिलिमीटर जाडीच्या त्या चकत्या ट्रेमध्ये काढून ठेवल्या जातात. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण पाय चांगलेच बाकल्यावर ऑपरेशनला तयार होतात. त्यामुळे नडगीची चकती हातात घेऊन पाहिली तर आतल्या बाजूला कूर्चेचा मागमूस नसतो. उघडं पडलेलं हाड घासून चकचकीत झालेलं असतं. बाहेरच्या बाजूला मात्र कूर्चा बऱ्यापैकी शिल्लक असते: पांढरट, ओलसर, बोटानं दाबली तर किंचित दबून पुन्हा वर येणारी. हाड एकच, माणूस एकच, आणि चार-पाच सेंटिमीटरच्या अंतरात आजारी आणि त्या मानानं धडधाकट कूर्चा शेजारीशेजारी. वय तेच, जनुकं तीच, खाणंपिणं तेच. तुलनेसाठी जीवशास्त्रज्ञाला याहून चांगला नमुना मागूनही मिळायचा नाही. ऑपरेशन आटोपलं की ही चकती पिवळ्या पिशवीत जाते आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे भट्टीत जळते.

ऑक्सफर्डला किंवा बोस्टनला याच चकतीसाठी कुणीतरी बर्फाचा डबा घेऊन थिएटरबाहेर ताटकळत असतं. ती व्यक्ती बहुधा पोस्टडॉक असते: पीएचडी पूर्ण झालेली, कायमची नोकरी अजून न मिळालेली, तिशीच्या आगेमागे असलेली. जीवशास्त्रात पीएचडी करून ‘आता पुढे काय’ या प्रश्नाशी अडलेल्या आपल्या मुलामुलींनी ही वर्षं सांध्यांच्या आजारांना द्यावीत, असं मला मनापासून वाटतं. आणि ज्या देशात सहा कोटींहून अधिक लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे कूर्चा नष्ट करणारा सांध्यांचा आजार, आहे, त्या देशानं अशी माणसं आपल्याच रुग्णालयांच्या आवारात पगार देऊन ठेवायला हवीत, असंही वाटतं. या दोन्ही म्हणण्यांवर आक्षेप घेतले जातात. ते खोटे नाहीत, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप डॉक्टरांकडूनही येतो आणि घरातल्या मोठ्यांकडूनही. गुडघे दुखणं हा वयाचा भाग आहे, सांधा वापरून वापरून झिजणारच, त्यात संशोधन कसलं करायचं? १७४३ साली विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कूर्चेवर जो निबंध मांडला, त्याचाही निष्कर्ष हाच होता की एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतरही हे विधान जवळजवळ तसंच्या तसं उभं आहे. पण कूर्चा भरून येत नाही म्हणून ती केवळ वापरानं संपते, असं होत नाही. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ साली दोन हजारांहून अधिक जुने-नवे मानवी सांगाडे तपासले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचं प्रमाण दुपटीहून वाढलं होतं, आणि वय व वजन हिशेबात धरूनही ही वाढ उरतच होती. पूर्वीच्या काळी शेतात राबणाऱ्या, मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसांचे गुडघे आपल्यापेक्षा जास्त वापरलेले होते, तरी कमी बिघडलेले होते. शिवाय लठ्ठ माणसांना बोटांच्या सांध्यांचाही ऑस्टिओआर्थ्रायटिस जास्त होतो. बोटांवर शरीराचा भार नसतो. म्हणजे रक्तातून, चरबीतून, दाहाच्या संकेतांमधून काहीतरी सांध्यापर्यंत पोहोचतं आहे आणि तिथल्या पेशी त्याला प्रतिसाद देत आहेत. पेशी प्रतिसाद देत असतील तर तो आजार आहे, आणि आजाराला कार्यकारण असतं.

कूर्चेतली ही पेशी विलक्षण आहे. कूर्चेत रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. थराच्या आकारमानात पेशींचा वाटा अवघा काही टक्के. बाकी सारं पाणी, कोलॅजनचे धागे आणि पाणी धरून ठेवणारं अॅग्रिकन. या धाग्यांचं वय काढण्यासाठी वैज्ञानिकांनी अणुस्फोटांचा उपयोग केला. १९५०-६० च्या दशकांत वातावरणात झालेल्या चाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं आणि नंतर हळूहळू उतरलं. कोणत्या सालच्या हवेतला कार्बन धाग्यात अडकला आहे हे मोजलं की धागा कधी विणला गेला ते कळतं. २०१६ साली डेन्मार्कच्या गटानं गुडघ्याच्या कूर्चेवर हा हिशेब केला. माणूस वयात येईपर्यंत तयार झालेलं कोलॅजनच त्याला जन्मभर पुरवावं लागतं, असं दिसलं. आजारी गुडघ्यातही नवं कोलॅजन जवळपास नव्हतं. म्हणजे कोणत्याही गावातल्या सत्तर वर्षांच्या आजी ज्या धाग्यांवर उभ्या आहेत, ते त्यांच्या लग्नाआधीच विणून झालेले आहेत. हे काम त्या पेशीनं का थांबवलं, आणि तिला ते पुन्हा सुरू करायला लावता येईल का? माझ्या मते हा प्रश्न आज जीवशास्त्रातल्या कोणत्याही मोठ्या प्रश्नाच्या तोडीचा आहे. कर्करोगाच्या किंवा मेंदूच्या प्रयोगशाळांसमोर जितकी रांग असते, त्याच्या पासंगालाही पुरेल इतकी गर्दी इथे नाही.

आजाराचा आवाका सांगायचा तर २०२० साली जगात साडेएकोणसाठ कोटी लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. २०५० पर्यंत हा आकडा शंभर कोटींच्या जवळ जाईल असा अंदाज आहे. भारतात १९९० मध्ये सुमारे २.३ कोटी रुग्ण होते, २०१९ मध्ये ६.२ कोटी. रुग्णांत बायका जास्त. आणि आजाराची चाल मंदावणारं एकही औषध आज जगातल्या कोणत्याही दुकानात नाही. वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइडचं इंजेक्शन, व्यायाम, वजन कमी करणं, आणि सगळं थकलं की धातूचा सांधा.

आता हे काम पोस्टडॉकनंच करावं असा माझा आग्रह का? पीएचडीचा विद्यार्थी बहुधा गाइडच्या प्रश्नावर काम करत असतो आणि त्याला प्रबंधाची घाई असते. प्राध्यापकाचा वेळ अनुदानाचे अर्ज, समित्या आणि शिकवणं यांत जातो. प्रयोग हातानं करता येतो, विषय कळतो, आणि एकाच गोष्टीच्या मागे लागायची मुभा असते, अशी वर्षं संशोधकाच्या आयुष्यात ही एवढीच. २०२१ च्या नोबेलमधला आर्डेम पटापूटियन यांचा भाग पाहा. स्पर्श आणि दाब ओळखणारं पेशीवरचं द्वार शोधायचं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या बर्ट्रांड कोस्ट या पोस्टडॉकनं ७२ संशयित जनुकांची यादी केली आणि एकेक जनुक बंद करून दरवेळी सूक्ष्म काचनळीनं पेशीला टोचून पाहिलं. हवं ते जनुक यादीत शेवटी सापडलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला तो पीएझो. पुढे २०१४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात दिसून आलं की कूर्चापेशींवरही पीएझोची द्वारं आहेत आणि घातक दाब त्यांच्यातूनच आत कळवला जातो. एकाहत्तर वेळा नकार पचवायला जी सवड लागते, ती एका पोस्टडॉकला मिळाली म्हणून सांध्यांच्या अभ्यासात हे दार उघडलं.

आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, कथा याहून मोठी आहे आणि तिचा एक धागा लुधियानात सुरू होतो. तिथे १९३७ साली जन्मलेले रविंदर मैनी लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूट ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीत रुग्ण पाहत असत. सहकारी मार्क फेल्डमन हे प्रतिकारशास्त्रज्ञ. आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातलं अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, काढून त्यातल्या पेशी वाढवल्या तर त्या दाह वाढवणारी अनेक प्रथिनं सोडत. इतक्या प्रथिनांपैकी एकाला अडवून काय उपयोग, बाकीची आहेतच, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. १९८९ मध्ये फिओनुला ब्रेनन यांच्या नावानं आरंभ होणारा एक छोटा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. टीएनएफ या एकाच प्रथिनाला प्रतिपिंडानं बांधलं की त्या पेशींमधून इंटरल्यूकिन-१ हे दुसरं दाहक प्रथिन सुटणंही घटतं, एवढंच त्यात दाखवलं होतं. साखळीतली वरची कडी सापडली होती. १९९२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना ते प्रतिपिंड दिलं गेलं. आज आपल्याकडेही आमवाताचे डॉक्टर ‘बायॉलॉजिकल’ म्हणून जी इंजेक्शनं लिहून देतात, त्यांचा उगम तो. फेल्डमन आणि मैनी यांना २००३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. ब्रेनन २०१२ मध्ये गेल्या. रुग्ण, त्याच्या सांध्यातली ऊती आणि हातानं प्रयोग करणारी तरुण संशोधक हे तिघं एकाच आवारात होते, हे मला या कथेत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वेगवेगळ्या शहरांत असते तर हा प्रयोग सुचलाही नसता.

ऑस्टिओआर्थ्रायटिसला मात्र असा विजय मिळालेला नाही. इथे दुसरा आक्षेप येतो, तो खुद्द विद्यार्थ्यांचा. ते विचारतात की या क्षेत्रात औषधं एकापाठोपाठ एक पडताहेत, मग आयुष्याची कमावती वर्षं त्यात का घालायची? पडली आहेत, हे खरं. अॅग्रिकन कापणारं एडॅमटीएस-५ हे विकर नसलेल्या उंदरांची कूर्चा टिकते, हे २००५ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन गटांनी दाखवलं. या विकराला रोखणारं औषध नऊशेहून अधिक रुग्णांवर वर्षभर तपासलं गेलं. २०२० मध्ये निकाल आला की कूर्चेत काही फरक नाही. म्हाताऱ्या पेशी निवडून मारणारं दुसरं औषध उंदरात उत्तम ठरलं आणि त्याच वर्षी माणसांत अपयशी. उंदराच्या गुडघ्यातली कूर्चा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही जाड नसते, आपली दोन ते चार मिलिमीटर. इतक्या फरकावरून उडी मारली की कुणीही पडणार.

पण मला खरे बोलके वाटतात ते दुसरे दोन निकाल. स्प्रिफर्मिन हे वाढघटक असलेलं इंजेक्शन सांध्यात दिलं तर दोन वर्षांत कूर्चा खरोखर जाड होते, हे ५४९ रुग्णांच्या चाचणीत २०१९ मध्ये दिसलं. फरक होता ०.०५ मिलिमीटरचा, आणि रुग्णांचं दुखणं मात्र खोट्या इंजेक्शनपेक्षा जास्त कमी झालं नाही. याउलट टॅनेझुमॅब. मज्जातंतूंच्या वाढघटकाला अडवणाऱ्या या प्रतिपिंडानं दुखणं कमी झालं, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं ढासळू लागले. २०१० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं चाचण्या थांबवल्या, नंतर त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि २०२१ मध्ये सल्लागार समितीनं १९ विरुद्ध १ अशा मतांनी नकार दिल्यावर कंपनीनं नाद सोडला. पहिल्या औषधात रचना सुधारली आणि वेदना राहिली. दुसऱ्यात वेदना गेली आणि रचना बिघडली. कूर्चेत मज्जातंतूच नाहीत, मग दुखतं नेमकं काय? अस्तर, हाडाचा खालचा भाग, की सांध्यात नव्यानं शिरलेले तंतू? एक्स-रे वाईट असूनही जिना चढणारी माणसं आणि एक्स-रे बरा असूनही खुर्चीला खिळलेली माणसं प्रत्येक हाडांच्या डॉक्टरला माहीत आहेत. याचं उत्तर हाती येईपर्यंत कोणतंही औषध आंधळेपणानंच बनणार आहे.

म्हणून माझं विद्यार्थ्यांना सांगणं उलटं असतं. अब्जावधी रुपयांच्या या चाचण्यांनी तुमच्यासाठी प्रश्न इतके नेमके करून ठेवले आहेत, जितके एरवी दहा वर्षं वाचून हाती आले नसते. ताजं उदाहरण सेमाग्लुटाइडचं. लठ्ठपणा आणि गुडघेदुखी दोन्ही असलेल्या ४०७ लोकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. शंभरपैकी मोजायच्या वेदनेच्या गुणांकात सुमारे ४२ गुणांची घट, सल्ला आणि खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत साडेसत्तावीस. हा केवळ वजन उतरल्याचा परिणाम आहे की औषध सांध्यातल्या दाहावर थेट काम करतं? हा प्रश्न एका पोस्टडॉकच्या तीन वर्षांत, ऑपरेशनमधून मिळालेल्या अस्तराच्या पेशींवर बऱ्याच अंशी सोडवता येण्याजोगा आहे.

कुठे जावं, हे थोडक्यात. केनेडी इन्स्टिट्यूट २०११ पासून ऑक्सफर्ड विद्यापीठात आहे आणि तिथे आमवात व ऑस्टिओआर्थ्रायटिस दोन्हींवर काम चालतं. अस्तरातल्या कोणत्या पेशी दाह पेटवतात आणि कोणत्या हाड खातात हे २०१९ मध्ये वेगळं करून दाखवणारा गट बर्मिंगहॅम आणि ऑक्सफर्डचा. बोस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयात एकेका पेशीचा आरएनए वाचून आमवाताचा नकाशा बनवणारे गट आहेत. शिकागोच्या रश विद्यापीठात सांध्यातल्या वेदनेचा अभ्यास होतो. स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये नाकातल्या कूर्चेच्या पेशी वाढवून त्यांचा थर गुडघ्यात बसवला जातो; पहिल्या दहा रुग्णांचा अहवाल २०१६ मध्ये आला. पैशासाठी युरोपची मारी क्यूरी फेलोशिप कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे, आणि भारत सहयोगी सदस्य असल्यामुळे एम्बो या युरोपीय जीवशास्त्र संघटनेचीही. अमेरिकेत २०२४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉकचा ठरलेला भत्ता वर्षाला ६१,००८ डॉलर होता, पण २०२५ पासून तिथली अनुदानं आणि व्हिसा दोन्ही अस्थिर आहेत. केवळ त्या एका देशावर भिस्त ठेवू नये.

मुलाखतीत दोन गोष्टी विचाराव्यात. तुमच्या प्रयोगशाळेत माणसाची ऊती कुठून येते आणि आठवड्याला किती? आणि याआधीचे पोस्टडॉक आज काय करतात? ज्या प्रमुखाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर शल्यचिकित्सकाच्या नावासकट देता येतं, तिथे काम होतं. कारण या क्षेत्राचं कसब हातात असतं. कूर्चेचे तुकडे स्काल्पेलनं तांदळाच्या कणीएवढे करायचे, कोलॅजनेजच्या द्रवात रात्रभर सदतीस अंशांवर हलत ठेवायचे, सकाळी जाळीतून गाळून पेशी मोजायच्या. हातात येतात त्या थोड्याच. आणि प्लास्टिकच्या तबकडीवर पसरल्या की काही आठवड्यांत त्या कूर्चापेशी राहतच नाहीत. चपट्या होतात, वेगळंच कोलॅजन बनवू लागतात. त्यांना अॅगरोजच्या मऊ जेलमध्ये अधांतरी ठेवलं तर पुन्हा गोल होऊन मूळ वळणावर येतात, हे १९८२ मध्ये कळलं. ज्यानं हे स्वतःच्या हातानं बिघडवून आणि सावरून पाहिलं आहे, त्याच्याच निष्कर्षांवर मी विश्वास ठेवते.

आता आपल्याकडे वळू. सांध्यांचं जीवशास्त्र भारतात होतच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या गटानं इंटरल्यूकिन-३ हे प्रथिन हाडं खाणाऱ्या पेशींना अडवतं आणि उंदरांत कूर्चेचं नुकसान कमी करतं, हे अनेक वर्षांच्या कामातून दाखवलं. आयआयटी कानपूरला अमिताभ बंद्योपाध्याय यांनी गर्भातल्या सांध्यापासून सुरुवात केली. गर्भात काही कूर्चा पुढे हाड होण्यासाठीच जन्मते आणि काही सांध्याच्या टोकावर कायमची राहते. आजारात ही कायमची कूर्चा जणू हाड होण्याच्या वाटेला लागते, आणि तिला त्या वाटेला लावणारा बीएमपी या प्रथिनाचा संकेत रोखला तर उंदरांत आजार आटोक्यात राहतो. मला ही मांडणी अतिशय देखणी वाटते. बंगळुरूच्या आयआयएससीत सांध्यात औषध टिकवून ठेवणाऱ्या सूक्ष्मकणांवर काम चालू आहे. पण देशाच्या आकाराच्या मानानं ही नावं एका हाताच्या बोटांवर मावतात.

आणि काही प्रश्न असे आहेत की ते आपणच विचारले नाहीत तर जगात कुणीही विचारणार नाही. पुण्याहून सोलापूरला जाताना लागणारं भिगवण लोकांना उजनीच्या पाण्यावरच्या रोहित पक्ष्यांमुळे माहीत आहे. संधिवाताच्या अभ्यासकांना ते डॉ. अरविंद चोप्रा यांच्यामुळे माहीत आहे. १९९६ मध्ये त्यांनी पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमधून तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. आमवाताचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं, म्हणजे श्रीमंत देशांच्याच जवळपास. हा आजार आपल्या खेड्यात नसतो हा समज तिथे मोडला. २००६ मध्ये चिकुनगुनियाची साथ आली, देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण झाले आणि महाराष्ट्राला मोठी झळ बसली. ताप आठवड्यात गेला, सांधे मात्र कित्येकांचे महिनोन्‌महिने, काहींचे वर्षानुवर्षं दुखत राहिले. विषाणू गेल्यावर अस्तरात काय मागे राहतं? पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, पेशी विज्ञान केंद्र आहे, संधिवाताचे रुग्ण आहेत. सगळं काही किलोमीटरच्या परिघात असताना एखाद्या तरुण संशोधकानं तीन वर्षं फक्त एवढ्या एका प्रश्नाला द्यावीत, यासाठी आणखी कोणतं निमित्त हवं?

कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हंडिगोडू नावाचं गाव आहे. १९७० च्या दशकात तिथल्या काही दलित कुटुंबांतल्या मुलांचे आणि तरुणांचे खुबे व मणके निकामी होताना आढळले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा आजार गावाच्याच नावानं ओळखला जातो. सांध्याची कूर्चा घडवताना निसर्ग कुठे चुकू शकतो याचा धडा त्या कुटुंबांच्या शरीरांत आहे, आणि त्याची किंमत ती कुटुंबं गेली पन्नास वर्षं मोजताहेत. जनुकांची जागतिक पाहणी मात्र वेगळीकडेच चालू आहे. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात जवळजवळ वीस लाख लोकांची जनुकं तपासून ऑस्टिओआर्थ्रायटिसशी जोडलेली ९६२ ठिकाणं सापडली. हे लोक बहुतांश युरोपीय वंशाचे. उकिडवं बसून भांडी घासणारी, मांडी घालून जेवणारी, ज्यांच्या पायांचा बाक आतल्या बाजूला सगळा भार टाकतो, अशी आपली माणसं त्या यादीत फारशी नाहीत.

शेवटचा आक्षेप पैशाचा. गरीब देशानं आधी उपचार द्यावेत, मूलभूत संशोधन श्रीमंतांनी करावं. उपचारांवर सरकारनं चांगलं पाऊल उचललं, हे मान्य केलंच पाहिजे: ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आली आणि कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा दीड लाखाच्या वरून ५४,७२० रुपयांवर आला. अनेकांना त्यामुळे चालता आलं. पण हिशेबच करायचा तर पुरा करू. केंद्र सरकारच्या २०२३ च्या दरानं रिसर्च असोसिएटला, म्हणजे नुकत्याच पीएचडी झालेल्या संशोधकाला, महिना ५८,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. घरभाडं सोडलं तर वर्षाचे ६,९६,००० होतात. हे तेरा कृत्रिम सांध्यांच्या त्या किमतीपेक्षाही कमी आहे. मोठ्या शहरातलं एखादं खासगी रुग्णालय यापेक्षा जास्त सांधे एका आठवड्यात बसवतं. राज्यातल्या प्रत्येक मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात एक पोस्टडॉक ठेवायला अडचण पैशाची आहे, असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

अडचण वेगळी आहे. आपल्याकडे जीवशास्त्रज्ञ एका संस्थेत, रुग्ण दुसऱ्या संस्थेत आणि दोन्हींची मंत्रालयं वेगळी. वैद्यकीय महाविद्यालयात एमडी-एमएस नसलेल्या माणसाला मानाचं स्थान नाही, बढतीची वाट नाही. फेलोशिपचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. घरभाडं थकलेला माणूस ७२ जनुकं तपासायचा धीर धरत नाही. आणि वयोमर्यादा. लग्न, बाळंतपण, सासर-माहेरचं आजारपण यांतून वाट काढत पीएचडी झालेली मुलगी नेमकी तिथेच अडते. ज्या आजाराचा भार बायकांवर जास्त पडतो, त्याच्या संशोधनातून बायकांनाच वयाच्या नियमानं बाहेर ठेवणं मला असह्य वाटतं. वय मोजू नका, पीएचडीनंतरची वर्षं मोजा आणि त्यातून बाळंतपणाची वर्षं वजा करा. युरोपात मारी क्यूरी फेलोशिपला हेच करतात.

ज्यांना या वर्षी परदेशी जायचं नाही किंवा जाता येत नाही, त्यांच्यासाठीही दार बंद नाही. अमेरिकेच्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्हनं २००४ पासून ४,७९६ माणसांचे गुडघे वर्षानुवर्षं तपासले. त्यांचे एमआरआय, एक्स-रे आणि दुखण्याच्या नोंदी संशोधकांना विनामूल्य मागवता येतात. संगणक आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर नांदेडला बसून त्यावर काम करता येतं, आणि चांगला अर्ज लिहायला लागणारा पहिला निबंध तिथूनच उभा राहतो.

आणि ज्या विभागप्रमुखांच्या हाती थिएटर आहे, त्यांनी अनुदानाची वाट पाहू नये. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उरलेली ऊती संशोधनाला वापरायला रुग्णाची संमती आणि नीतिसमितीची मंजुरी लागते. साध्या मराठीतलं एक पान: तुमच्या गुडघ्याचा काढलेला भाग आम्ही जाळून टाकण्याऐवजी अभ्यासाला ठेवू का, नाव कुणालाही कळणार नाही, नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही. बहुतेक माणसं हो म्हणतात. आपलं दुखणं पुढच्यांच्या कामी यावं असं लोकांना वाटतं. सोबत उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर, आणि प्रत्येक नळीवर वय, लिंग, वजन, पायाच्या बाकाचा अंश आणि किती वर्षं दुखतंय याची नोंद. दोन वर्षांत एवढा साठा जमला, की त्या विभागाला पोस्टडॉकसाठी जाहिरात द्यावी लागणार नाही. अर्ज आपणहून येतील, ऑक्सफर्डहूनही.